बाजाराचे सोवळे

मराठी साहित्याच्या चर्चासत्रांत 'बाजार' हा शब्द आता एखाद्या पौराणिक राक्षसाच्या नावासारखा उच्चारला जातो. त्याचे रूप कोणी निरखून पाहिलेले नसते, त्याचा पत्ता कोणाला ठाऊक नसतो. पण प्रत्येक दुष्कृत्यामागे तोच असतो. वाचन कमी झाले, बाजारामुळे. समीक्षा क्षीण झाली, बाजारामुळे. नियतकालिके बंद पडली, तीही बाजारामुळेच. 'साहित्याचे बाजारीकरण' या विषयावरची जी चर्चासत्रे आजवर आमच्या वाट्याला आली, त्यांतल्या एकाही निबंधात विपणनशास्त्राच्या एखाद्या मूळ ग्रंथाचा नुसता नामोल्लेखही आम्हांला आढळला नाही. अडोर्नो हटकून आढळले, बोद्रिया आढळले, अलीकडे अलीकडे बोर्द्यूही आढळू लागले. फिलिप कोटलर मात्र नाहीत. ज्याच्याशी लढायचे त्याचे पुस्तकच उघडायचे नाही, ही कोणती युद्धनीती?

आम्ही मराठीचे अध्यापक. वाणिज्य शाखेशी आमचा संबंध आजवर परीक्षेच्या पर्यवेक्षणापुरता. तरीही गेल्या दोनतीन वर्षांत आम्ही ही पुस्तके मुद्दाम वाचली, आणि वाचल्यावर जे मत झाले ते आमच्या व्यवसायबंधूंना रुचणारे नाही. ते असे: विपणनशास्त्रातले जे साहित्यव्यवहाराने घ्यायला हवे होते ते आपण विटाळ मानून दूर ठेवले, आणि जे वर्गाच्या उंबऱ्याबाहेर थोपवायला हवे होते त्याला पाट मांडून जेवायला बसवले.

आधी शब्दाविषयी. मराठीत या विद्येला 'विपणन' म्हणतात, सरकारी कारभारात नुसते 'पणन'. शेतकऱ्याला 'पणन महासंघ' ठाऊक असतो. साहित्याच्या प्राध्यापकाला 'मार्केटिंग' ठाऊक असते, आणि तेही शिवीसारखे. 'अमक्याने मार्केटिंग छान केले' म्हणजे अमक्याचे पुस्तक वाईट आहे, हे ज्याला समजत नाही तो साहित्यवर्तुळात नवखा. संस्कृतातल्या 'पण्' या धातूचा अर्थ व्यवहार करणे, सौदा करणे असा आहे, तसाच पैजेला लावणे असाही आहे. स्वयंवरातला 'पण' तो हाच. सौद्यात काहीतरी पणाला लागते, म्हणजे समोरचा माणूस 'नको' म्हणू शकतो, हे भान त्या जुन्या धातूत आहे. आपल्या वापरातून ते हरवले. आमच्यासाठी 'मार्केटिंग' म्हणजे ढोल वाजवणे, एवढेच उरले.

वस्तुतः या शास्त्राच्या मूळ लेखनात ढोलाला दुय्यम जागा आहे. पीटर ड्रकर यांनी १९५४ च्या आपल्या 'द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट' या ग्रंथात उद्योगाचा हेतू नफा असे न म्हणता ग्राहक निर्माण करणे असे म्हटले. १९६० साली थिओडोर लेव्हिट यांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये 'मार्केटिंग मायोपिया' हा निबंध लिहिला. ऱ्हस्वदृष्टीचा हा निबंध निबंध म्हणूनही वाचावा असा आहे, आमच्या एम.ए.च्या वर्गात वैचारिक गद्याचा नमुना म्हणून तो शोभेल. अमेरिकेतील रेल्वे कंपन्या का मागे पडल्या? प्रवासी कमी झाले म्हणून नव्हे, मालवाहतूक घटली म्हणूनही नव्हे. आपला धंदा रेल्वे चालवण्याचा आहे असे त्या समजत राहिल्या. तो माणसे आणि माल वाहून नेण्याचा आहे हे त्यांनी ओळखले नाही, म्हणून. त्याच निबंधात विक्री आणि विपणन यांत लेव्हिट भेद करतात. विक्रीचे लक्ष विकणाऱ्याच्या गरजेकडे असते, विपणनाचे घेणाऱ्याच्या. त्याच वर्षी जेरोम मॅकार्थी यांच्या 'बेसिक मार्केटिंग' या पाठ्यपुस्तकाने ते प्रसिद्ध चार 'पी' रूढ केले: प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. वस्तू, किंमत, स्थान आणि प्रसिद्धी. चारांत प्रसिद्धी शेवटची. ज्या एकाच गोष्टीला आपण मार्केटिंग समजतो, ती चारांतली एक चतुर्थांश.

ही निव्वळ पुस्तकी मांडणी नाही. करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये अहमदाबादेत घरी धुण्याची पूड बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली, आणि पुढच्या काही वर्षांत 'निरमा'ने 'सर्फ'च्या पायाखालची जमीन सरकवली. त्यावर हिंदुस्तान लिव्हरने दिलेले एक उत्तर आपल्या पिढीला पाठ आहे: ललिताजी. साहित्याच्या विद्यार्थ्याने हे पात्र अवश्य तपासावे. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, पैसा जाणणारी, कोणाच्या बापाला न बोलणारी ही गृहिणी स्वस्त वस्तू आणि चांगली खरेदी यांत फरक करते. अर्धा किलो सर्फ एक किलो साध्या पुडीइतके काम करते, हा हिशेब मांडते. किमतीला हात न लावता किंमत मोजण्याचा गजच बदलायचा, हे तिचे काम. ज्याला अल रीझ आणि जॅक ट्राउट यांनी 'पोझिशनिंग' म्हटले, म्हणजे ग्राहकाच्या मनात वस्तूची जागा ठरवणे, त्याचा याहून बरा भारतीय नमुना आम्हांला ठाऊक नाही. पण गोष्ट इथे संपत नाही. ललिताजीने सर्फ टिकवला. निरमाचे गिऱ्हाईक मात्र तिला परत आणता आले नाही, कारण त्या गिऱ्हाइकाला सर्फ परवडतच नव्हता. त्याच्यासाठी कंपनीला १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'व्हील' ही निराळी वस्तू, निराळ्या किमतीत, निराळ्या दुकानांपर्यंत न्यावी लागली. संवाद कितीही टाळीबाज असला तरी ज्याच्या खिशात तेवढे पैसे नाहीत त्याच्यापाशी तो हरतो.

आता हाच चष्मा मराठी ग्रंथव्यवहाराला लावून पाहू.

आपल्याकडे पुस्तकाचे 'मार्केटिंग' म्हणजे प्रकाशन समारंभ, शाल-श्रीफळ, मलपृष्ठावरची मान्यवराची चार वाक्ये, आणि अलीकडे लेखकाने स्वतःच्या पुस्तकासोबत काढलेल्या चित्रफिती. सगळा चौथा 'पी'. उरलेल्या तिघांचे काय? हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती हे वर्षानुवर्षे मराठी पुस्तकाचे माप होते, आणि आता अनेक पुस्तके त्याहूनही कमी प्रतींत निघतात. यावर 'वाचकच नाही' हे उत्तर तयार असते. रेल्वे कंपन्याही हेच म्हणत होत्या. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यातून गावोगाव अनुदानित ग्रंथालये उभी राहिली, ही या राज्याची खरोखरच मोठी कामगिरी. पण तिची एक सावली अशी पडली, की प्रकाशकांच्या मोठ्या वर्गासाठी ग्राहक म्हणजे वाचणारा माणूस न राहता अनुदानाचा हप्ता खर्च करणारा ग्रंथपाल झाला. छापील किंमत त्या सवलतीच्या हिशेबाने ठरू लागली. मग जो एकटादुकटा माणूस स्वतःच्या पैशाने पुस्तक घ्यायला येतो, त्याला त्या फुगलेल्या किमतीचा भार सोसावा लागतो, आणि तो आला नाही की त्याच्या अभिरुचीवर अग्रलेख लिहिले जातात. बाजाराने हे केलेले नाही. घेणाऱ्याला 'नको' म्हणण्याची सोयच न ठेवणारा जो व्यवहार, त्याला बाजार म्हणणे हा बाजाराचाही अपमान आहे.

आणि 'स्थान'? तालुक्याच्या गावी पदवीच्या वर्गाला एखादी कादंबरी लावली जाते. ती दुकानात नसते. प्रकाशकाकडे विचारावे तर आवृत्ती संपलेली. मुले एकमेकांकडून झेरॉक्स काढतात. अस्पष्ट, कडेची अक्षरे कापलेली, मधली चार पाने गहाळ. त्याच गावात त्याच कादंबरीवरचे गाइड मात्र महाविद्यालय उघडण्याआधी हजर असते. त्याची किंमत मुलाच्या खिशाला झेपेल एवढी, आकार दप्तरात मावेल एवढा, दुकान महाविद्यालयाच्या फाटकासमोरचे. गाइडवाल्याने कोटलर वाचलेला नसेल; पण आपले गिऱ्हाईक कोण, ते कधी येते, किती देऊ शकते आणि त्याला कशाची भीती वाटते, हे त्याला पक्के माहीत आहे. मूळ कादंबरीचा प्रकाशक, तिचा लेखक आणि ती अभ्यासक्रमाला लावणारे आपण सगळे मिळून यांतले एक तरी सांगू शकू का? गाइडसंस्कृतीवर आम्हीही कडकडून बोललो आहोत, पुढेही बोलू. पण गाइड जिंकते ते केवळ विद्यार्थ्याच्या आळसामुळे, ही समजूत आता सोडून द्यावी. ज्या मैदानात मूळ पुस्तक उतरलेच नाही, तिथे गाइड बिनविरोध निवडून येते.

कोणी म्हणेल, साहित्य म्हणजे धुण्याची पूड नव्हे. बरोबर. म्हणून उदाहरण घरचेच घेऊ.

१९१० साली औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. त्याआधी बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा तो कोणी घेईना. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज. पहिले काही नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. वस्तू उत्तम, तरी गिऱ्हाईक नाही, हा 'वाचक नाही' म्हणणाऱ्यांच्याच जातीचा प्रसंग. शेतकरी अडाणी आहे असे म्हणून लक्ष्मणरावांना हात झटकता आले असते, पण मग कारखाना उभा राहिला नसता. पुढे याच कुटुंबातले, चित्रकलेचे शिक्षण घेतलेले शंकरराव किर्लोस्कर कारखान्याच्या प्रसिद्धीचे काम पाहू लागले आणि १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. नावाप्रमाणेच ती कारखान्याची खबर. आजच्या भाषेत कंपनीचे गृहपत्र. तिचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, १९३० मध्ये 'स्त्री' आले, १९३४ मध्ये 'मनोहर'. या तीन मासिकांवर आपले विद्यार्थी दर वर्षी टिपा लिहितात: बुद्धिवाद, स्त्रीसुधारणा, नवमध्यमवर्गाची घडण. एका कारखान्याच्या प्रसिद्धीखात्याच्या पोटी हे सारे जन्मले, हे त्या टिपेत असते का? आमच्या पाहण्यात तरी नाही. मराठीच्या वाङ्मयेतिहासाला हा जन्म अडचणीचा वाटत असावा.

शंकररावांची दृष्टी मोठी होती, तिचे श्रेय विपणनाला कशाला, असा आक्षेप येईल. पण शंकररावांच्या कामात या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, हाच तर मुद्दा आहे. नांगर घेणारा माणूस केवळ नांगर घेत नाही, तो जगण्याची एक रीत बदलत असतो. म्हणून त्याच्याशी नांगराखेरीज आणखी पुष्कळ गोष्टींविषयी बोलायला हवे, हे ज्याला उमगले तो एकाच वेळी उत्तम विक्रेता आणि उत्तम संपादक झाला. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा तरी काय केले? फराळाच्या ताटाशेजारी वाचनाची जागा हेरली. हातात थोडा पैसा, थोडी फुरसत आणि घरात पाहुणे असण्याचे ते चारपाच दिवस त्यांनी अचूक पकडले; शंभराहून अधिक वर्षे झाली, मराठी कथा अजून त्या जागेचे भाडे खाते आहे. आणि सत्तरच्या दशकात 'ग्रंथाली' उभी राहिली ती वाचक चळवळ म्हणून: वाचकाने आधी पैसे भरायचे, पुस्तके सवलतीत घ्यायची, आणि पुस्तकांनी ग्रंथयात्रेतून गावोगाव जायचे. किंमत आणि स्थान. १९७८ मध्ये 'बलुतं' आणि १९८० मध्ये 'उपरा' ही पुस्तके या चळवळीने काढली. ज्या दलित आत्मकथनांवर आपण पीएच.डी.चे प्रबंध रचतो, ती सामान्य वाचकाच्या हाती पोहोचण्यात या व्यवस्थेचा वाटा किती, यावर मात्र प्रबंध दिसत नाही.

इथे एक जोडटीप. १९५६ मध्ये वेंडेल स्मिथ यांनी 'मार्केट सेगमेंटेशन', म्हणजे बाजाराचे खंड पाडण्याची कल्पना मांडली. मागणी एकजिनसी नसते, तिचे निरनिराळे गट असतात, ते ओळखून वस्तू घडवावी, असा तिचा आशय. आपणही खंड पाडलेच आहेत: ग्रामीण, दलित, आदिवासी, स्त्रीवादी, महानगरीय. प्रत्येक प्रवाहाचे एक पुस्तक, प्रत्येक पुस्तकावर एक घटक, प्रत्येक घटकावर दहा गुण. फरक इतकाच की स्मिथ यांनी वाचणाऱ्याच्या, आपले म्हणजे घेणाऱ्याच्या बाजूने खंड पाडले, आपण लिहिणाऱ्याच्या बाजूने पाडतो. आदिवासी कविता आदिवासी मुलापर्यंत पोहोचते का, महानगरी कथा वाचणारी मुलगी खेड्यात कुठे आहे, हे आपल्या कोणत्याही खंडात बसत नाही. वाचककेंद्री समीक्षेत आपण इझरचा 'गर्भित वाचक' शिकवतो. गर्भाबाहेरचा, तिकीट काढून एस.टी.ने येणारा वाचक तसाच राहतो.

इतके वाचून एखाद्या व्यवस्थापनतज्ज्ञाला वाटेल की मराठीचे मास्तर शेवटी शरण आले. तसे नाही. आता त्यांच्याकडे वळतो.

१९६९ च्या जानेवारीत 'जर्नल ऑफ मार्केटिंग'मध्ये फिलिप कोटलर आणि सिडनी लेव्ही यांचा एक लेख आला. विपणनाची कल्पना व्यापक करा, असे त्यांचे सांगणे. साबण आणि पोलाद यांच्यापुरते हे शास्त्र का मर्यादित ठेवायचे? चर्च, विद्यापीठ, राजकीय पक्ष, सगळ्यांनाच ग्राहक असतात, सगळेच काहीतरी देऊ करतात. त्याच वर्षी डेव्हिड लक या विपणनाच्याच प्राध्यापकाने याला हरकत घेतली: खरेदी-विक्रीशी असलेले नाते तोडले तर या संज्ञेला काही सीमाच उरणार नाही. तो वाद लक हरले. आमच्या मते त्यांचेच बरोबर होते, आणि ते हरल्याची किंमत आज आपले वर्ग मोजत आहेत.

पाहा ना. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर आपल्या महाविद्यालयांतले विषय 'व्हर्टिकल'मध्ये आणि 'बास्केट'मध्ये आले. बास्केट म्हणजे खरेदीची टोपली, ती उचलून मुलाने फडताळांमधून फिरावे. त्याआधी, 'नॅक'च्या २०१७ च्या सुधारित मूल्यांकन चौकटीत विद्यार्थ्यांचे समाधान मोजणारे सर्वेक्षण आले. शब्द 'समाधान', ज्ञानेश्वरांपासून ज्याला केवढा अर्थ आहे, तो आता पाच पर्यायांतून एक निवडून नोंदवायचा. आणि प्रवेशाच्या दिवसांत मराठी विभागांना सांगितले जाते की बाबांनो, आपल्या विषयाचे 'ब्रँडिंग' करा, पत्रके काढा, मराठी घेतल्यास कोणकोणत्या नोकऱ्या मिळतात ते रंगीत अक्षरांत छापा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या वर्षीपासून पत्रकावर तेही येऊ लागले, ठळक अक्षरांत, जणू वेष्टनावरची शुद्धतेची मोहोर.

विद्यार्थी ग्राहक नाही, हे आम्ही पावित्र्याच्या भावनेतून म्हणत नाही. कोटलर यांच्याच शास्त्राच्या आधारे म्हणतो. विनिमयासाठी घेणाऱ्याला आपली गरज ठाऊक असावी लागते, निदान वस्तू हाती आल्यावर ती गरज भागली की नाही हे त्याला सांगता यावे लागते. पहिल्या वर्षाला आलेला मुलगा 'कोसला' वाचून म्हणतो, सर, यात काही घडतच नाही. त्या दिवशी त्याच्या हाती समाधानाचा अर्ज दिला तर तो काय लिहील? आणि तोच मुलगा तिसऱ्या वर्षी त्या न घडण्यावरच तासभर वाद घालतो, तेव्हा अर्ज भरून घ्यायला कोणी येत नाही. प्रवेश घेणारा आणि पदवी घेऊन जाणारा हे एकच गिऱ्हाईक नसते. मधल्या तीन वर्षांत पहिल्याचा दुसरा होणे हेच तर आमचे काम. गिऱ्हाइकाला गिरमिट नको असते, भोक हवे असते, हे वचन लेव्हिट यांच्या नावावर फिरते. ठीक. पण कवितेने कुठे भोक पाडायचे आहे, हे घेणाऱ्याला आधी माहीत नसते, आणि खरे सांगायचे तर देणाऱ्यालाही.

ड्रकर यांच्या 'ग्राहक निर्माण करणे' या कल्पनेचा आधार घेऊन इथे कोणी म्हणेल की तुम्हीही वाचक निर्माणच करता. करतो. पण कारखान्याने निर्माण केलेला ग्राहक त्याचाच माल घेतो, निदान घ्यावा अशी अपेक्षा असते. आम्ही घडवलेला वाचक उद्या आम्ही लावलेले पुस्तक बाजूला फेकून, हे दुय्यम आहे, असे आमच्या तोंडावर म्हणू शकतो. तसे म्हणणारे दोनचार दर वर्षी निघतात. त्यांना आम्ही असमाधानी ग्राहकांत मोजायचे की काय?

तेव्हा आमचे भांडण दोन आघाड्यांवर आहे, आणि दोन्हीकडचे लोक आम्हांला फितूर म्हणतील याची कल्पना आहे. वर्गात जे चालते त्याला विपणनाची भाषा लावू नका. आणि वर्गापर्यंत पुस्तक पोहोचण्याचा जो व्यवहार आहे, त्याला मात्र ती निःसंकोच लावा. पहिल्या आघाडीवर आमच्या हाती फारसे काही नाही. परिपत्रके वरून येतात. दुसरीवर पुष्कळ आहे, कारण पुस्तके लावणारे आपणच. अभ्यासमंडळाच्या बैठकीत एखादी कादंबरी सुचवली जाते तेव्हा तिच्या वाङ्मयीन गुणांवर चर्चा होते, लेखकाच्या जिल्ह्यावरही होते, आणि क्वचित त्याच्या जातीवरही, दबक्या आवाजात. तिची आवृत्ती उपलब्ध आहे का, किती प्रती शिल्लक आहेत, किंमत किती, आणि जूनमध्ये ती तालुक्याच्या दुकानात कोण पोहोचवणार, हे चार प्रश्न कोणी विचारत नाही. इतिवृत्तात त्यांच्यासाठी रकानाच नाही.